पाल्याचे हित आणि राज्याची सीमा

पालकत्व हा मुलावरचा हक्क आहे की मुलाप्रती असलेली जबाबदारी, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले असून, त्या बदलाचा एक जुना टप्पा तंजावूरच्या मराठा राजवाड्यात पाहता येतो. १७८७ मध्ये मरणासन्न तुळजाजी राजांनी भोसले कुळातील बाल सर्फोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपवला, कारण पित्याचा शब्द हाच तेव्हा पालकत्वाचा आधार होता. मात्र दत्तकविधान सदोष ठरवून कंपनी सरकारने तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादी दिली, आणि पित्याने नेमलेला वारस राजवाड्यातच बंदिवासात पडला. १७९३ मध्ये सर्फोजींना मद्रासेस हलवले गेले, तेव्हा तुळजाजींच्या विधवा राण्याही सोबत गेल्या. घर सुटले, तरी घरची माणसे सुटली नाहीत. शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमधील फ्लॅक्समनकृत संगमरवरी शिल्पात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांचा हात सर्फोजींनी हाती घेतलेला दिसतो. परक्या पालकाशीही जिव्हाळा जडू शकतो, याची ती साक्ष आहे. पण १७९८ मध्ये गादीवर आलेले सर्फोजी पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाचे थोर संवर्धक झाले, एवढ्यावरून मुलाचा ताबा ठरवण्याचा सत्तेचा अधिकार न्याय्य ठरत नाही.

पुढे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने, पालक नेमताना अज्ञान मुलाचे कल्याण पाहावे आणि त्यात दिवंगत पालकाची इच्छा व जाणत्या मुलाची पसंतीही विचारात घ्यावी, असे ठरवले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने ते कल्याण सर्वोपरी मानले. येथे हक्काची जागा हिताने घेतली, परंतु हित कोणी ठरवायचे हा प्रश्न उरलाच, आणि आई-वडिलांना परदेशातून हद्दपार केले जाते, म्हणजेच देशाबाहेर काढले जाते, तेव्हा तो सर्वांत तीव्र होतो. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या नवव्या कलमात हद्दपारीचा स्पष्ट उल्लेख असून, अशा कारणाने ताटातूट झाल्यास, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, दूर गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा कुटुंबाने विचारल्यास कळवणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली; अमेरिकेने मात्र तिला अद्याप मान्यता दिलेली नाही. तरीही तेथील नेब्रास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ग्वाटेमालात हद्दपार झालेल्या एका आईचे पालकत्व कायम ठेवले, आणि अमेरिकेतील राहणीमान चांगले एवढ्याच कारणाने मुले आईपासून तोडता येत नाहीत, हे तत्त्व अधोरेखित केले.

म्हणून मुलाचे हित देशाच्या श्रीमंतीवरून नव्हे, तर त्याच्या नात्यांवरून मोजले पाहिजे, आणि आई-वडिलांचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याचा निर्णय होता कामा नये. परवाना संपला म्हणजे वास्तव्य संपते. पालकत्व संपत नाही.