इंजिनाचा नंबर आणि पूर्वाश्रय



या महिन्याच्या निरूपणाचा विषय आम्हाला मठाच्या गोठ्यामागील पडवीत मिळाला. आमचे लिंगैक्य गुरुवर्य ज्या फटफटीवरून गावोगाव फिरले, ती तेथे कित्येक वर्षे पोत्यांखाली उभी होती. गुरुवर्य स्वतः ती चालवीत नसत. पुढे एक शिष्य बसे, मागे गुरुवर्य, आणि त्यांच्या मांडीवर झोळी. चिकोडी, हुक्केरी, खानापूर भागातील आज सत्तरी ओलांडलेले भक्त अजून सांगतात की, शिवेवर तिचा आवाज ऐकू आला की घरातील बायका पादपूजेच्या तयारीला लागत. अशा वस्तूविषयी भाविकांच्या मनात काय असते, हे वेगळे सांगावयास नको.

गाडी बीएसए कंपनीची, एम-२० या मॉडेलची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या इंग्लंडात तयार झाल्या. युद्ध संपल्यावर ज्या आपल्याकडे राहिल्या त्या ‘मिलिटरी डिस्पोजल’ म्हणून विकल्या गेल्या. त्यांतील एक कोणा व्यापारी भक्ताने घेऊन मठाला अर्पण केली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळचा बंदुकांचा कारखाना. त्यांच्या खुणेतही तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या असतात. बंदुकवाल्यांच्या गाडीवर विभूतीची झोळी, याचे गुरुवर्यांनाही हसू येई.

२०२२ साली तरुण भक्तांनी ठरविले की, पुण्यस्मरणाला ही गाडी सुरू करून मिरवणुकीत पुढे न्यावयाची. काम अर्थातच मठाच्या मुलाकडे आले. ‘मठाचा मुलगा’ असे आम्ही म्हणतो, कारण तो लहानपणी जत्रेत मागे राहिला, कोणी घ्यावयास आले नाही, आणि आमच्या प्रसादनिलयात वाढला. आईबाप कोण, गाव कोणते, काही कळले नाही. आठव्या वर्षी त्याला लिंगदीक्षा दिली. पुढे आयटीआय करून तो बेळगावात उद्यमबागेजवळच्या एका गॅरेजात लागला, आणि आता त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. त्याच्याविषयी येथे जे लिहितो आहोत ते त्याला विचारून लिहितो आहोत.

इंजिनावरील तेलामातीचा थर त्याने डिझेलने धुऊन काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आला. म्हणाला, “अप्पाजी, हे इंजिन ह्या गाडीचं न्हवं.”

झाले होते असे. सिलिंडरच्या खाली क्रँककेसवर ठोकलेला नंबर आणि मठाच्या कपाटातील आर. सी. बुकातील नंबर जुळत नव्हते. चौकटीचा नंबर मात्र बरोबर होता. म्हणजे मधल्या काळात केव्हातरी कोणी तरी इंजिन बदलले. कोणत्या गाडीचे हे इंजिन, ती कोठे पळाली, कोणी विकले, चोरीचे की भंगारातले, काही सांगता येईना. ज्या शिष्याला ठाऊक असते तो लिंगैक्य होऊन बरीच वर्षे झाली.

बातमी विश्वस्तांपर्यंत गेली आणि मठात दोन तट पडले. काहींचे म्हणणे, मग ही गुरुवर्यांची गाडी कशी? ज्या इंजिनाने गुरुवर्यांना वाहिले तेच नसेल तर हार कोणाला घालावयाचा? दुसऱ्या तटाने उपाय आणला. एक मध्यस्थ सांगून गेला होता की, जुना नंबर घासून त्या जागी बुकातील नंबर ठोकून देतो, अक्षरांचे पंचही त्याच घाटाचे आहेत, कोणाला कळणार नाही. त्याला कारणही होते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते, तिच्या पाटीवर ‘व्हीए’ अशी अक्षरे येतात. परंतु गाडी मूळ रूपात असावी, चौकटीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नंबर जुळला तर अर्ज सोपा. एक वयोवृद्ध विश्वस्त आम्हाला म्हणाले, “अप्पाजी, यात खोटं कुठं आहे? गाडी तर गुरूंचीच आहे. भक्तांच्या श्रद्धेला धक्का लागू नये एवढंच आपण बघायचं.”

तो युक्तिवाद ऐकताना आम्हाला आमचीच एक जुनी गोष्ट आठवली, आणि खरे सांगावयाचे तर मान खाली गेली.

२०१६ साली या मुलासाठी एक स्थळ आले होते. मुलीकडची मंडळी लिंगायत, सुखवस्तू, मठाशी जोडलेली. बैठकीत त्यांनी विचारले, मुलाचे घराणे कोणते, पाहुणे कोठले? आमच्याच एका जाणत्या भक्ताने पटकन उत्तर दिले की, मुलगा अमुक गावच्या अमुक घराण्यातला, आईबाप लहानपणी गेले, म्हणून मठात वाढला. घराणे नावाजलेले होते आणि त्यातील कोणी हयात नव्हते. आम्ही आसनावर बसलो होतो. आम्ही गप्प राहिलो. मुलाचे कल्याण होते आहे, मग एका शब्दासाठी कशाला अडवा, असे मनाशी म्हटले. चहा झाला, मंडळी उठली, आणि मुलाने बाहेर ओसरीवर मुलीच्या वडिलांना गाठून सांगितले की, मला माझे आईबाप माहीत नाहीत, आत जे सांगितले ते खरे नव्हे. स्थळ मोडले. आम्ही त्याला काहीच बोललो नाही. त्यानेही आम्हाला काही विचारले नाही.

आता वचनाकडे येऊ. आलेल्या माणसाला तो कोणाचा हे विचारत बसू नये, त्याला आपल्या घरचा म्हणावे, या आशयाचे महात्मा बसवण्णांचे वचन आपणा सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून येथे देत नाही. या वचनाचे निरूपण आम्ही आजवर शेकडो वेळा केले असेल. दीक्षेने भवीचा भक्त होतो, त्याचा पूर्वाश्रय संपतो, मग त्याची जात काढणे हा दोष आहे, असे आम्ही सांगत आलो. कल्याणात मधुवरसांची कन्या हरळय्यांच्या घरी दिली गेली ती याच निष्ठेवर, आणि त्यासाठी शरणांनी केवढे मोल दिले ते आपण जाणता. परंतु त्या बैठकीत आम्ही या वचनाचा जो अर्थ केला तो सोयीचा होता. विचारू नये, म्हणून विचारणाऱ्याला काहीतरी चांगले सांगून गप्प करावे! वरवर पाहता दोन्हीत पूर्वाश्रय बाजूलाच पडतो. आत मात्र उलटे घडते. मुलाला नावाजलेले घराणे चिकटविताना आम्ही कबूल केले की, घराणे नसलेला मुलगा कमी आहे. दीक्षेने जे भरून निघाले असे आम्ही शिकवितो, ते भरून निघालेले नाही असे आमच्याच मौनाने सांगितले. इंजिनावर खोटा नंबर ठोकणारा माणूस नंबराची पर्वा करीत नाही असे नाही, त्याच्याइतकी नंबराची पर्वा दुसऱ्या कोणाला नसते.

येथे एखादा अभ्यासू वाचक आमची कोंडी करील. तो म्हणेल, स्वामीजी, बसवण्णांनी स्वतःच आपला नंबर बदलला नाही काय? बागेवाडीच्या मादरसांचे ते पुत्र, ब्राह्मण कुळातले. आणि एका वचनात ते आपली उत्पत्ती सांगतात ती चन्नय्या आणि कक्कय्या यांच्या घरच्या दास-दासीपासून, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरांतून. ही नोंद खोटी नव्हे काय?

आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही त्यावर बरेच दिवस घालविले. आमचे उत्तर असे. बसवण्णा कोणाचे पुत्र हे कल्याणात सर्वांना ठाऊक होते; ते बिज्जळाचे भांडारी होते, लपलेले नव्हते. त्या वचनाने एकही ऐकणारा फसला नाही. आणि त्यांनी घेतलेल्या नात्याने त्यांना मिळाले काय? होता तो मान गेला. मध्यस्थाचा पंच नंबर वर चढविण्यासाठी उचलला जातो आणि पाहणाऱ्याला कळू नये एवढीच त्याची कारागिरी. म्हणून दोन्ही कृती एकाच नावाने ओळखता येत नाहीत. तरीही आक्षेप पूर्ण फिटला असे आम्ही म्हणत नाही. शब्दशः पाहिले तर दोन्हीकडे जन्माविषयी असत्य विधान आहे, आणि ज्याला सत्य म्हणजे फक्त शब्दांचा जमाखर्च वाटतो त्याचे समाधान आम्ही करू शकणार नाही.

दुसरी शंका अधिक व्यवहारातली. विचारूच नये तर पारख कशी करावी? आंधळेपणाने कोणालाही जवळ करावे काय? याचे उत्तर आम्हाला पोथीत सापडण्याआधी त्या पडवीत सापडले. मुलगा इंजिन उघडून बसला होता तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी पूजेनंतर स्टूल टाकून पाहत असू. त्याने एकदाही ‘हे कुठलं असेल’ म्हणून वेळ घालविला नाही. पिस्टनच्या माथ्यावर ४० हा आकडा ठोकलेला दाखविला. म्हणजे सिलिंडर आधीच बोअर मारून चाळीस थाउजंड मोठा केलेला, ८२ मिलिमीटरचे भोक आता ८३ झालेले. तोही गेजने मोजला तर गोल राहिला नव्हता, अंडाकृती झिजला होता. तळाचे तेल पांढऱ्या कपड्यात गाळले तेव्हा त्यात पितळी चमक दिसली. कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली केला तर हाताला खडखड लागली, बिग एंडचे बेअरिंग खाल्लेले. हे असेच ठेवून कोणी गाडी पळविली तर रॉड तुटून क्रँककेस फोडील आणि बसणाऱ्याचा पाय जाईल, असे त्याने बजावले. क्रँककेसला एके ठिकाणी जुने वेल्डिंग होते, त्यावर रॉकेल लावून, पुसून, खडू फासून तो रात्रभर थांबला, चीर असेल तर खडूवर ओल उमटते म्हणून. उमटली नाही. मग सिलिंडरला नवे लायनर बसवून, बोअर पुन्हा मूळ मापाला आणून, त्याने सगळे जोडावयास घेतले.

ही परीक्षा कठोर होती. त्यात दयामाया नव्हती, आणि कुळाची चौकशीही नव्हती. आज हा भाग काय सोसू शकतो, कोठे झिजला आहे, काय बदलावे लागेल, एवढेच प्रश्न होते. गुरूने शिष्याची परीक्षा घ्यावी असे शास्त्र सांगते तेव्हा तेही याच प्रकारचे असावे असे आम्हाला वाटते. आचार पाहावा, कायक पाहावे, रागात तो कसा वागतो ते पाहावे. आपल्या सोयरिकीच्या बैठकीत मात्र घराण्याची चौकशी दोन तास चालते आणि मुलगा दारू पितो काय, हा प्रश्न कोणी उठता उठता विचारतो. ‘विचारू नये’ याचा अर्थ ‘पाहू नये’ असा आम्हीही पूर्वी करीत असू. त्यामुळे कधी नको त्या माणसाच्या हाती मठाच्या किल्ल्या गेल्या, ती वेगळी हकीकत आहे.

आणखी एक तपशील सांगतो, कारण त्याने आमच्या पहिल्या तटाची बोलती बंद झाली. सैन्याच्या कार्यशाळांत या गाड्यांची इंजिने सर्रास काढून दुसऱ्या गाडीला बसवीत असत. बिघडलेले दुरुस्तीला ठेवायचे, तयार असलेले चढवायचे, आणि गाडी त्याच दिवशी कामाला. शिवाय बीएसएच्या या मॉडेलमध्ये कारखान्यातून निघतानाही इंजिनाचा आणि चौकटीचा नंबर सहसा एकच नसे. म्हणजे गुरुवर्यांना ज्या इंजिनाने वाहिले तेही मुळात कोणत्या चौकटीसाठी होते, कोणास ठाऊक. ज्या मूळपणासाठी आपण भांडत होतो तो या फटफटीला कधी होताच, असे खात्रीने म्हणता येत नाही. वृद्ध विश्वस्तांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरूंनी कधी इंजिनाचा नंबर वाचला नसेल, न्हवं का?”

नंबर घासावयाचा नाही, असे आम्ही सांगितले. कायद्यालाही ते मान्य नाही, पण कायदा नसता तरी सांगितले असते. मध्यस्थ रागावून गेला. एका देणगीदाराने लायनर आणि बेअरिंगचा खर्च देण्याचे कबूल केले होते, त्यांनीही हात आखडता घेतला. तो खर्च मुलाने स्वतः केला आणि हिशेब दाखविण्यास नकार दिला. नोंदणीच्या अर्जात इंजिनाविषयी जसे आहे तसे लिहिले. ‘मूळ रूप’ या शब्दांत असे इंजिन बसते की नाही, हा निर्णय अधिकाऱ्यांनी करावयाचा. नाही बसले तर गाडी मठाच्या आवाराबाहेर जाणार नाही, हेही तरुण भक्तांना सांगून ठेवले. मठाच्या वहीत आम्ही स्वतःच्या हाताने नोंद केली: चौकट गुरुवर्यांच्या वापरातील, इंजिन त्याच मॉडेलचे, पूर्वस्थिती अज्ञात, दुरुस्ती २०२२.

त्याच वेळी २०१६ च्या त्या बैठकीविषयी मुलाशी प्रथमच बोललो. आम्ही चुकलो असे म्हटले. त्याचे हात ग्रीसने भरलेले होते. तो नमस्कार करावयास वाकला आणि हात मागे घेतले. २०१९ साली त्याचे लग्न झाले आहे. त्या घरच्यांनी एवढेच विचारले होते की, मुलगा रोज इष्टलिंगाची पूजा करतो काय आणि गॅरेजचे भाडे स्वतः भरतो काय.

पुण्यस्मरणाच्या दिवशी आवारातच किक मारली. पहिल्या पाच-सहा किकांना नुसता धूर आला. सातव्या किकेला आवाज झाला आणि गोठ्यातील गाई उधळल्या. जुन्या भक्तांपैकी एकीने सांगितले की, तेव्हाचा आवाज थोडा जड होता. असेल. तेल अजून जरा गळते, खाली पत्र्याचे ताट ठेवले आहे.