गनीमत की अमानत?

हरलेले सैन्य पळून जाते तेव्हा मागे काय राहते? जखमी राहतात, प्रेते राहतात आणि शस्त्रे राहतात. जखमींना उचलणारे कोणी ना कोणी भेटते, प्रेतांना माती मिळते. शस्त्रांचे मात्र तसे नाही. ती ज्याच्या हाती पडतील त्याची होतात. निदान जगाचा रिवाज तरी असाच आहे. हा रिवाज न्यायाचा आहे का, एवढाच प्रश्न आम्हाला येथे विचारायचा आहे.

15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. अमेरिकेने वीस वर्षे पोसलेले अफगाण सैन्य काही दिवसांत विरघळून गेले. त्या सैन्याला दिलेल्या सामानापैकी सुमारे 7.12 अब्ज डॉलर किमतीचे सामान तेथेच राहिले, असे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच पुढे सांगितले. रायफली, हमवी गाड्या, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी, विमाने. त्या दिवसांत आपल्या मोबाइलवरही ती छायाचित्रे आली. आपल्यातल्या काहींना महासत्तेची खोड मोडल्याचा आनंद झाला. काहींना भीती वाटली, की आता शेजारीपाजारी आपल्यालाच जाब विचारणार. आनंद आणि भीती या दोहोंच्या गडबडीत मूळ प्रश्न राहून गेला. ती शस्त्रे कोणाची?

‘माले-गनीमत’ असे पटकन उत्तर येते. हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. पण तो जितक्या सहज उच्चारला जातो, तितका सोपा नाही. बद्रच्या लढाईनंतर लुटीवरून वाद झाला, तेव्हा कुरआनने तो माल लढवय्यांच्या मर्जीवर सोडला नाही. त्याचा पाचवा हिस्सा अल्लाह, रसूल, नातलग, अनाथ, गरीब आणि वाटसरू यांच्यासाठी काढून ठेवला. वाटणीपूर्वी कोणी एखादी क्षुल्लक वस्तू दडवली, तरी तो मोठा गुन्हा मानला गेला. म्हणजे ज्याने उचलले त्याचे झाले, हा नियम तेथेही नव्हता.

उहुदची गोष्ट तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. हिजरी 3, म्हणजे इ. स. 625. पैगंबरांनी (स.) पन्नास तिरंदाज एका टेकडीवर बसवले आणि काहीही झाले तरी जागा सोडू नका, असे बजावले. कुरैश पळू लागले, त्यांचे सामान मैदानात पडले. ते पाहून बहुतेक तिरंदाज खाली उतरले. खालिद बिन वलीद तेव्हा कुरैशांच्या बाजूने होते. त्यांचे घोडदळ पाठीमागून आले आणि जिंकलेली लढाई हातची गेली. हजरत हमजा (रजि.) यांच्यासह सुमारे सत्तर जण शहीद झाले. हरलेल्याने टाकलेले सामान जिंकणाऱ्याला कसे हरवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

तरीही बद्र आणि उहुद येथे समोरचा पक्ष उघड शत्रू होता. काबूलमध्ये तसे नव्हते. जिंकणारेही मुसलमान, हरणारेही मुसलमान, एकाच देशाचे, पुष्कळदा एकाच खेड्याचे. अशा प्रसंगासाठी आपल्या परंपरेत वेगळा विचार आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

इ. स. 656 मध्ये बसऱ्याजवळ जंगे-जमल झाली. हजरत अली (रजि.) जिंकले. त्यांच्या सैन्यातील काहींनी लुटीची मागणी केली. हजरत अलींनी ती नाकारली. समोरच्या पक्षात उम्मुल मोमिनीन हजरत आएशा (रजि.) होत्या. लूटच वाटायची तर त्यांना कोणाच्या वाट्याला घालणार, या आशयाचा त्यांचा प्रतिप्रश्न प्रसिद्ध आहे. इतिहासकार तबरी यांच्या नोंदीप्रमाणे छावणीतील सामान बसऱ्याच्या मशिदीत आणले गेले आणि ज्याचे त्याने ओळखून न्यावे, असे जाहीर झाले. शासनाची खूण असलेली कोठारातील शस्त्रे तेवढी वगळली.

फिकहच्या पंडितांनी पुढे यावरूनच कायदा बांधला. आपल्यातल्या बंडखोरांशी लढावे लागले, तर त्यांचा माल गनीमत होत नाही. हनफी पंडित म्हणाले, की फार गरज असेल तर लढाई चालू असेतोवर त्यांची शस्त्रे वापरावीत. शाफई पंडितांना तेवढीही मुभा सहसा मान्य नव्हती. पण लढाई संपली, मने निवळली की शस्त्रे परत करावीत, यावर दोघांचे एकमत आहे. तोवर ती शासनाने राखून ठेवायची. म्हणजे आपसातल्या युद्धात पडलेले शस्त्र ही गनीमत नव्हे, अमानत आहे.

ही जुनी गोष्ट आजच्या इराकला लावून पाहू. 23 मे 2003 रोजी अमेरिकी प्रशासनाने इराकी सैन्य बरखास्त केले. शस्त्रागारे धड कोणाच्या राखणीत नव्हती. त्यांतले तोफगोळे रस्त्याकडेच्या बॉम्बमध्ये वापरले गेले आणि त्यात सैनिकांबरोबर बाजारहाटाला निघालेली माणसेही मेली. जून 2014 मध्ये मोसूलमधून नवे इराकी सैन्य पळाले. 2,300 हमवी गाड्या तेथे गमावल्या, असे पंतप्रधान अल-अबादी यांनी 2015 मध्ये सांगितले. ‘इस्लामिक स्टेट’ म्हणवणाऱ्यांनी त्यांतल्या कित्येक गाड्यांत स्फोटके भरून त्या इराकींवरच घातल्या. लिबियातही 2011 नंतर गद्दाफींच्या कोठारांतील शस्त्रे वाळवंट ओलांडून मालीत पोहोचली. प्रत्येक ठिकाणी गनीमत म्हणून उचललेले शस्त्र अखेर कलमा पढणाऱ्यांच्याच छातीवर रोखले गेले.

येथे कोणी म्हणेल, मजलूमाने काय करावे? जालीम पळाला, त्याची बंदूक पडली, ती उचलली नाही तर तो उद्या परत येईल. हा आक्षेप खरा आहे. हनफी पंडितांनी गरजेपुरती मुभा दिली, ती यासाठीच असावी. प्रश्न उचलण्याचा नाही, खाली ठेवण्याचा आहे. बांगलादेशात 16 डिसेंबर 1971 नंतर मुक्तियोद्ध्यांच्या हाती पुष्कळ शस्त्रे होती. टांगाइलच्या कादर सिद्दीकींनी 24 जानेवारी 1972 रोजी आपल्या दलाची शस्त्रे शेख मुजीब यांच्यापुढे ठेवली. 1975 मध्ये मुजीब यांची हत्या झाली, तेव्हा त्याच सिद्दीकींनी पुन्हा बंदूक उचलली. अमानत सोपवण्यासाठी ती सांभाळणारे विश्वासाचे शासनही लागते, हा त्यातला धडा आहे. ते नसेल तर नुसत्या उपदेशाने शस्त्रे खाली येत नाहीत.

देणाऱ्यालाही हात झटकता येणार नाहीत. कारखान्यात बंदूक घडवणारा, ती विकणारा, ती वाटून विमानात बसून निघून जाणारा, हे सगळे त्या अमानतीत खयानत करणारे आहेत. पण त्यांचा गुन्हा मोठा म्हणून उचलणाऱ्याचा गुन्हा माफ होत नाही. महासत्तेला शिव्या देताना आपण हे सोयीस्कररीत्या विसरतो. 14 ऑगस्ट 2024 रोजी तालिबानने बगराम तळावर त्याच गाड्यांची मिरवणूक काढली. ज्या अफगाण बायाबापड्यांच्या मुलींच्या शाळा बंद आहेत, त्यांना त्या मिरवणुकीत विजय दिसला असेल की धाक?

अमानत म्हटली की तिचा धनी कोण हे ठरवावे लागते. आमच्या मते पडलेल्या शस्त्राचा धनी पळालेला सेनापती नाही, ते धाडणारे सरकार नाही आणि जिंकलेला सरदारही नाही. ज्यांच्या जिवावर ते शस्त्र उठू शकते, ती निःशस्त्र माणसे त्याची खरी धनी आहेत. हश्रच्या दिवशी हिशेब मागण्याचा पहिला हक्क त्यांचा असेल. तोवर तो हिशेब विचारत राहणे हे आपले काम आहे, आणि तो आपल्या माणसांनाही विचारला पाहिजे.