शिरगावची ती पहाट आणि शिलोहाचा बुरूज

गोव्यातील डिचोली तालुक्यात शिरगाव नावाचे गाव आहे. तेथील लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस भरते. देवीचे भक्त, ज्यांस धोंड म्हणतात, ते काही दिवस सोवळे पाळून, हाती वेताची काठी घेऊन येतात, तळीत स्नान करतात आणि रात्री पेटविलेल्या होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून पहाटे चालून जातात. २०२५ साली ३ मेच्या पहाटे या जत्रेत उताराच्या अरुंद वाटेवर गर्दीचा लोट आला आणि माणसे माणसांवर पडली. त्या पहाटे सहा जण गेले. सत्तरांहून अधिक जखमी झाले. विस्तवाने कोणी मेले नाही, गर्दीने मेले.

त्या आठवड्यात आमच्या मंडळीत एक वाक्य ऐकू आले, आणि वाचकहो, इतर मंडळ्यांतही ते कोणी ना कोणी बोलले असेल: “मूर्तीपुढे गेले, त्याचे फळ मिळाले.” बोलणारे दुष्ट नव्हते. नित्य शास्त्र वाचणारे होते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. निर्दोष माणूस असा का मरतो, आणि देव त्या वेळी काय करीत असतो?

निखाऱ्यांवरून चालण्याचे व्रत आम्हांस मान्य नाही, हे येथे सांगून टाकतो. पण तो निराळा वाद आहे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूनेच काढला आणि त्याला स्वतःच नकारार्थी उत्तर दिले (लूक १३). आणि फळाचाच हिशेब करावयाचा, तर तो पुरता करावा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहरात भूकंप झाला. तो सर्व संतांचा सण होता, देवळे भरलेली होती, आणि उपासना करणारी माणसे त्याच देवळांखाली चिरडली. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, वेलंकनी येथे मरियेच्या यात्रेस आलेले शेकडो लोक समुद्राने ओढून नेले. पुढच्याच महिन्यात, २५ जानेवारी २००५ रोजी, आपल्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ ३०० माणसे गेली. यांपैकी कोणता न्याय आणि कोणता अपघात, हे कोणी ठरवावे?

या प्रश्नावर आमच्या रोमन कॅथलिक बांधवांनी दीर्घकाळ चिंतन केले आहे. आपण प्रॉटेस्टंट लोक त्यांच्या कपाटाकडे सहसा फिरकत नाही. पण शिरगावच्या बाबतीत फिरकणे योग्यच, कारण तेथील लोकांच्या समजुतीप्रमाणे लईराई ही सात बहिणींपैकी एक, आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे चमत्कारांची माता मरिया, ही तिची बहीण. दोन्ही स्थळांमध्ये तेल आणि मोगऱ्याची फुले यांची देवघेव आहे. २०२५ साली म्हापशाचे फेस्त जत्रेनंतर लगेच, ५ मे रोजी, आले. ज्या घरी मरण झाले त्याच्या शेजारचे घर सणाच्या तयारीत, अशी ती वेळ होती. अशा शेजारधर्माविषयी आपले मत काहीही असो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्याच्या आरंभीच हे मान्य केले आहे की दुःख कोठून येते, मरणानंतर काय, जीवनाचा अर्थ काय, हे प्रश्न घेऊनच सर्व माणसे निरनिराळ्या धर्मांकडे येतात. धोंडही तेच प्रश्न घेऊन येतो.

आता त्यांचे विचारवंत काय म्हणतात ते पाहू. संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांच्या मते वाईट ही देवाने निर्माण केलेली वस्तू नव्हे. जे चांगले असावयास हवे होते त्याचा अभाव म्हणजे वाईट. जसा अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही व्याख्या आम्ही पाठ केली होती, आणि ती आम्हांस कोरडी वाटली होती. परंतु ज्या घरी तरुण मुलगा परत येत नाही, तेथे आईला खुपते ते काय? ताट मांडावयाचे राहते. अंथरूण गुंडाळलेलेच राहते. तो अभावच होय. व्याख्या वाटते तितकी कोरडी नाही.

संत थॉमस अक्वायनस (निधन १२७४) यांनी तर ‘देव आहे काय?’ हा प्रश्न घेताना विरोधी पक्षाचा पहिला आक्षेप म्हणून वाईटाचाच आक्षेप मांडला. तो त्यांनी टाळला नाही, हे आम्हांस फार आवडते. त्यांच्या शिकवणीतील एक गोष्ट येथे विशेष उपयोगी आहे. देव सर्व गोष्टींचे मूळ कारण आहे हे खरे, पण त्याने निर्मिलेल्या गोष्टींनाही खरेखुरे कारण होण्याचे सामर्थ्य त्याने दिले आहे. अग्नी खरोखर जाळतो. माणूस खरोखर निवडतो. देव हे होऊ देतो, पण ‘होऊ देणे’ आणि ‘इच्छिणे’ एक नव्हे.

हा भेद पंडिती वाटेल. पण तो शिरगावच्या वाटेवर नेऊन ठेवा. जमिनीला उतार होता, हे एक कारण. वाट अरुंद होती, हे दुसरे. इतकी गर्दी येणार हे ठाऊक असता तिच्या येण्याजाण्याची आखणी किती केली होती, हा पुढचा प्रश्न, आणि तो माणसांचा आहे. सरकारने चौकशी समिती नेमली, अधिकाऱ्यांच्या बदल्याही झाल्या. ‘देवाची मर्जी’ म्हणून हात जोडणारा मनुष्य स्वतःला नम्र समजतो, परंतु अक्वायनसच्या हिशेबाने तो माणसाचे देणे देवाच्या खाती लिहितो. ‘देवाचा न्याय’ म्हणणाराही तेच करतो. दोघांच्याही बोलण्याने रस्ता तेवढाच अरुंद राहतो. आपल्या मंडळ्यांची अधिवेशने भरतात, त्या मांडवांना बाहेर पडण्याच्या वाटा किती असतात, हे कोणी मोजले आहे काय?

मात्र कारणे कळली तरी शोक शमत नाही. येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर जे पत्र काढले ते वाचण्यासारखे आहे. लिहिणारा मनुष्य दुःखाला अनोळखी नव्हता. आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली होती, १३ मे १९८१ रोजी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १९८३ च्या डिसेंबरात तो तुरुंगात जाऊन गोळ्या झाडणाऱ्याजवळ बसला होता. ईयोबाच्या कथेवरून तो दाखवितो की प्रत्येक दुःख ही शिक्षा नसते. पुढे तो कलस्सैकरांस पत्रातील पहिल्या अध्यायाकडे वळतो, जेथे पौल आपल्या दुःखांनी ख्रिस्ताच्या क्लेशांतील उणे भरून काढण्याविषयी बोलतो, आणि म्हणतो की आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येते.

येथे आम्ही थबकतो. वधस्तंभावरील अर्पण एकदाच आणि पूर्ण झाले, ही आपली श्रद्धा. पोपही त्या अर्पणात उणीव आहे असे म्हणत नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आमची हरकत वेगळी आहे. ‘माझे दुःख मी प्रभूला वाहतो’ असे आजाऱ्याने स्वतः म्हणणे हा विश्वास होय; तेच दुसऱ्याच्या आईला जाऊन ‘तुझे दुःख वाहून टाक’ म्हणून सांगणे ही आमच्या मते निर्दयता होय. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यासोबत जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले.

त्या पत्राचा शेवट चांगल्या शोमरोन्याकडे येतो. दुःख का आले याची चर्चा त्या दाखल्यात कोणीच करीत नाही. जखमी मनुष्य कोणत्या धर्माचा, कोणत्या कामास निघाला होता, हे शोमरोनी विचारीत नाही. तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेचे पैसे देतो.

एक मतभेद मात्र उरतोच. कॅथलिक बांधव मृतांसाठी प्रार्थना करतात, आपण करीत नाही. शिरगावच्या घटनेनंतरच्या उपासनेत हा प्रश्न आमच्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. मेलेल्यांची नावे घ्यावी की न घ्यावी? वडीलजनांत थोडी कुजबूज झाली. शेवटी वर्तमानपत्र हाती घेऊन आम्ही सहाही नावे मोठ्याने वाचली, आणि मग त्या सहा घरांत मागे राहिलेल्यांसाठी, इस्पितळात पडलेल्यांसाठी, आणि पुढच्या वर्षी त्या उतारावरून चालणार असलेल्यांसाठी प्रार्थना केली.