धर्माविना वाढणारी मुले आणि शेजारचे आईबाप

२००८ साली केरळमध्ये सातवीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकातील एका छोट्याशा धड्यावरून राज्यभर रान पेटले. धड्यातला प्रसंग अगदी साधा होता. अन्वर रशीद आणि लक्ष्मीदेवी आपल्या मुलाला, जीवनला, शाळेत घालायला येतात. मुख्याध्यापक धर्म विचारतात. धर्म लिहू नका, असे उत्तर मिळते. जात? तीही नको. उद्या याला एखादा धर्म हवासा वाटला तर? तर त्याने तो मोठेपणी निवडावा. एवढ्यावरून मोर्चे निघाले, पुस्तके जाळली गेली, मलप्पुरम जिल्ह्यात आंदोलनातील मारहाणीत एका मुख्याध्यापकाचा जीव गेला आणि शेवटी धडा बदलण्यात आला. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम संघटना या विरोधात एका सुरात बोलल्या. ज्या आईबापांनी कुणाच्याही मुलाला काही सांगितले नव्हते, फक्त आपल्या मुलापुरता एक रकाना रिकामा ठेवला होता, त्यांचे असणेच सगळ्यांना सहन झाले नाही.

या विरोधामागे एक भीती होती: देव नसेल तर मुलाला बरेवाईट कळणार कशातून? ही भीती आपल्याकडेही घरोघरी बोलून दाखवली जाते, आणि तिला माणसांनी जगून उत्तर दिलेले आहे. आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच गोरा, यांनी १९४० साली मुदुनूर गावी नास्तिक केंद्र सुरू केले. पुढे ते केंद्र विजयवाड्याला आले. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव गोरांनी लवणम ठेवले. या लवणम यांनी आणि त्यांच्या पत्नी हेमलता यांनी गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींच्या आणि देवाला वाहिलेल्या जोगिणींच्या पुनर्वसनासाठी आयुष्य वेचले. गोरांनी आपल्या मुलीचे लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील तरुणाशी ठरवले, तेव्हा ते सेवाग्रामला लावून द्यायचे गांधीजींनी कबूल केले, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घ्यायलाही ते तयार झाले. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, ते लग्न सेवाग्रामलाच झाले. रोज प्रार्थनासभा घेणाऱ्या माणसाने एका नास्तिक बापाची अट मान्य केली. आणि त्या बापाला आपल्या मुलीच्या लग्नासाठी रामनामावर श्रद्धा असलेला माणूसच हवासा वाटला. दोघांपैकी कुणालाही आपले मत पातळ करावे लागले नाही.

आता आमच्याच, विवेकवाद्यांच्या, बाजूच्या एका दाव्याकडे वळतो, कारण माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी १९९७ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात असे मांडले की, खोट्या कल्पनांनी मन पांगळे होऊ न देण्याचा मुलांना हक्क आहे, आणि आपल्या श्रद्धा मुलांवर लादण्याचा आईबापांना नाही. रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला: चार वर्षांच्या मुलाला ‘कॅथलिक मूल’ किंवा ‘मुस्लिम मूल’ म्हणणे चूक, कारण त्या वयात त्याचे असे काही मत असूच शकत नाही. विवेकवादी मंडळींना हा युक्तिवाद फार भावतो. त्याचा पहिला अर्धा भाग मलाही मान्य आहे. मूल ही आईबापांची मालमत्ता नाही, आणि त्याला पुढे मत बदलता यावे इतके शिक्षण आणि इतके धैर्य त्याला मिळालेच पाहिजे.

अडचण पुढे येते. आजोबा कुठे गेले, असे चार वर्षांच्या मुलाने विचारले तर ‘देवाघरी’ हे एक उत्तर, आणि ‘माणूस मेला की संपतो, आठवणी राहतात’ हे दुसरे. दुसरे उत्तर मला खरे वाटते. पण मूल तेही आईच्या शब्दावरच स्वीकारते, पुरावा तपासून नव्हे. कोऱ्या घरात कुणीच वाढत नाही. धर्माविना वाढवणे हेदेखील वाढवणेच आहे; त्यात मूल्ये आहेत, आग्रह आहेत, नकोशा गोष्टींची यादी आहे. ‘मोठेपणी तो निवडेल’ या जीवनच्या आईबापांच्या वाक्याच्या बाजूने मी नेहमीच उभा राहीन, पण ते वाक्य पुरेसे आहे असे मला आता वाटत नाही. भजनाच्या सुरात वाढलेले मूल आणि भजन न ऐकलेले मूल, दोघेही मोठेपणी निवड करतात ती पदरात पडलेल्या काही गोष्टींसकटच. आपण मुलाला मोकळे ठेवतो आणि शेजारी मात्र त्याला बांधतो, हा समज विवेकवाद्यांनी सोडला पाहिजे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आईबापांना हक्क नाही म्हटले, की कुणाला आहे हे सांगावे लागते, आणि व्यवहारात उत्तर येते सरकार. सरकारच्या हातात ही सत्ता गेली तर ती आधी कुणावर चालेल हे केरळमधील त्या धड्याच्या गतीवरून कळते. धर्माविना मुले वाढवणाऱ्यांची संख्या नगण्य आहे. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगणारे सुमारे २९ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या पाव टक्क्याहूनही कमी निघाले, आणि तेही सगळे नास्तिक नव्हेत. एवढ्या थोड्यांना संरक्षण मिळते ते ‘पालकाच्या विवेकात सरकारने ढवळाढवळ करू नये’ या तत्त्वातून. ते तत्त्व कोणी उभे केले हे पाहण्यासारखे आहे. १९८५ साली केरळमध्येच ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने, त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. त्या कुटुंबाच्या श्रद्धा मला पटत नाहीत. तरीही, शाळेच्या परिपाठात हात जोडायला नकार देणाऱ्या मुलामागे आज कायद्याचे जे बळ आहे, त्यात या कट्टर श्रद्धाळू भावंडांचा वाटा मोठा आहे. संविधानाचे कलम २८ (३) सांगते की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे कलम नास्तिकाच्या मुलाला वाचवते तसेच ख्रिस्ती संस्थेच्या शाळेतील हिंदू मुलाला आणि सरस्वतीवंदनेच्या वेळी उभ्या असलेल्या मुस्लिम मुलालाही.

मग पालकांच्या श्रद्धेविषयीच्या या आदराला सीमा नाही का, असे विचारले जाईल. आहे, आणि महाराष्ट्राने ती कायद्यात आखून दाखवली आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ च्या डिसेंबरात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत शिक्षापात्र कृत्ये एक-एक करून सांगितली आहेत. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे, चमत्काराच्या नावाखाली लुबाडणे, विंचू किंवा साप चावल्यावर उपचारापासून रोखणे अशी ती कृत्ये. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन हे सारे कायद्याने स्पष्टपणे बाहेर ठेवले. गुन्हा ठरते ती इजा. श्रद्धेला हात लावलेला नाही. पालकत्वालाही हीच रेषा लागू करावी. मुलीचे लग्न कोवळ्या वयात लावणे, आजारी मुलाला औषध न देणे, शाळा सोडवणे यांना धर्माचे कवच मिळता कामा नये. पण संध्याकाळी शुभंकरोती म्हणवून घेणारी आई मुलावर अत्याचार करते असे म्हणणे हे खोटे आहे, आणि ज्यांच्यावर खरेच अत्याचार होतात त्यांचा तो अपमान आहे.

एक गोष्ट राहते, आणि ती रिकामा रकाना अभिमानाने मिरवणाऱ्या उच्चवर्णीय पालकांनी नीट ऐकावी. त्यांना तो रकाना रिकामा ठेवायला काहीच किंमत पडत नाही. अनुसूचित जातीच्या पालकाला पडते. पुढे जात पडताळणी समिती शाळेचे जुने दाखले मागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू, आणि पुढील दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, यांच्याखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरला जात नाही. कुठलाच धर्म न मानणाऱ्याविषयी आदेश गप्प आहे. त्या शांततेवर कोणता बाप मुलाची शिष्यवृत्ती पणाला लावेल? त्याने रकान्यात धर्म लिहिला म्हणून तो कमी विवेकी ठरत नाही. विवेकवादी संघटनांनी या पालकांना उपदेश करण्याऐवजी त्या आदेशातील धर्माची अट काढून टाकण्याची मागणी हाती घ्यावी. ती अट निघेपर्यंत धर्माविना मूल वाढवण्याचे स्वातंत्र्य या देशात सर्वांना सारखे नाही.