आधी टॉवरच्या पायथ्याशी जा

चि. सायली,


तुझा मेल आणि सोबतचं सेंट जेम्स टाऊन या टॉवरांच्या वस्तीवरचं टिपण, दोन्ही वाचलं. टोरांटोत येऊन पुरती रुळलीही नाहीस आणि ऑफिसने तुला थेट त्या वस्तीच्या पाहणीला पाठवलं, याचा मला आनंदच झाला. पण टिपणाच्या शेवटी तू लिहिलं आहेस की इथली घनता कमी करावी आणि जुने टॉवर टप्प्याटप्प्याने पाडावेत. हे वाक्य वरिष्ठांच्या टेबलावर जाण्याआधी माझं म्हणणं ऐकून घे. नगररचनेच्या कामात माझा उभा जन्म गेला, म्हणून हक्काने लिहिते.

आधी आकड्यांची भीती घालवू. टोरांटो शहराचं क्षेत्रफळ 631 चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईचं 603. जवळजवळ सारखंच. पण 2021 च्या जनगणनेत टोरांटोची लोकसंख्या भरली 28 लाख, तर आपल्या मुंबईची 2011 मध्येच 1 कोटी 24 लाख होती. टोरांटोची सरासरी चौरस किलोमीटरला साडेचार हजार माणसांच्या आतच आहे. म्हणजे शहर दाट नाहीच. शहराच्या निवासी जमिनीचा फार मोठा भाग कित्येक दशकं फक्त स्वतंत्र घरांसाठी राखून ठेवला गेला. तिथे एका प्लॉटवर चार बिऱ्हाडांची इमारत बांधायची सरसकट मुभा मिळायला 2023 साल उजाडलं. अंगणवाल्या घरांच्या गल्ल्यांमध्ये ज्यांना जागा नव्हती, त्यांनी जायचं कुठे? ती माणसं मोजक्या ठिकाणी एकावर एक रचली गेली. सेंट जेम्स टाऊन इतकं दाट आहे याचं एक मोठं कारण वस्तीबाहेर आहे, आणि तुझ्या टिपणात ते कुठेच येत नाही.

आता व्हँकुव्हरच्या वेस्ट एंडकडे बघ. तिथले टॉवरही सेंट जेम्स टाऊनच्याच काळातले, 1956 नंतर जमिनीचे नियम बदलल्यावर भराभर उठलेले. दोनेक चौरस किलोमीटरांत सुमारे 47 हजार माणसं राहतात. तरी त्या भागात घर मिळावं म्हणून लोक धडपडतात. समुद्र आणि स्टॅनली पार्क शेजारी आहेत, हे खरं. पण तेवढ्यावर भागत नाही. तिथे एकेका प्लॉटवर एकेक इमारत उभी राहिली आणि जुन्या रस्त्यांची जाळी शाबूत राहिली. डेन्मन आणि डेव्ही या रस्त्यांवर खाली दुकानं राहिली. सत्तरच्या दशकापासून काही चौकांत गाड्या अडवून तिथे छोट्या बागा केल्या गेल्या. दरवाजातून बाहेर पडलेल्या माणसाला लगेच रस्ता मिळतो, त्या रस्त्यावर ओळखीचे चेहरे भेटतात आणि दूध-पावासाठी गाडी काढावी लागत नाही.

सेंट जेम्स टाऊनमध्ये नेमकं उलटं झालं. जुनी घरं पाडून, मधल्या गल्ल्या मोडून सगळी जमीन एक केली गेली. मोकळ्या हिरवळीत उंच इमारती उभ्या कराव्यात, ही वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएची कल्पना तेव्हा जगभर डोक्यावर घेतली होती. साठच्या दशकात मुख्यतः तरुण, एकट्या, नोकरदार भाडेकरूंसाठी बांधलेल्या या 19 टॉवरांमध्ये पुढे कुटुंबं आली, म्हातारी माणसं आली, देशोदेशींची मुलं आली. अधिकृत मोजणीत सतरा-अठरा हजार माणसं. प्रत्यक्षात कितीतरी जास्त, असं तिथे राहणारे सांगतात. त्यांच्यासाठी सामुदायिक केंद्र आणि ग्रंथालय यायला मात्र 2000 नंतरची वर्षं उजाडावी लागली. दोष कोणाचा म्हणायचा? उंचीचा, की तीस-चाळीस वर्षं खाली काहीच न देणाऱ्यांचा?

शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज 1968 मध्ये टोरांटोला राहायला आल्या. त्याआधीच, 1961 च्या त्यांच्या पुस्तकात, त्यांनी दाटी आणि कोंबाकोंबी यांतला फरक स्पष्ट मांडला होता. एकरी किती घरं आहेत ही एक गोष्ट, आणि एका खोलीत किती माणसं कोंबली आहेत ही दुसरी. पहिली शहराला जिवंत ठेवते, दुसरी माणसाला पिळून काढते. तुझ्या टिपणात दोन्ही एकाच रकान्यात आल्या आहेत. एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या तुलनेत एकूण बांधकामाचं, गणित तुला पाठ आहे, पण एफएसआय सांगून कोणाच्या घरात किती जण झोपतात ते कळत नाही. भाडं परवडत नाही म्हणून दोन कुटुंबं एक फ्लॅट वाटून घेत असतील, तर चार टॉवर पाडून तो प्रश्न वाढेलच.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की नकाशा मिटून ठेव आणि लॉबीत जाऊन उभी राहा. शाळा सुटायच्या वेळी जा. बाबागाड्या, चाकांच्या पिशव्यांत भरलेला किराणा, नातवंडांची दप्तरं धरून उभ्या असलेल्या आज्या, आणि एक लिफ्ट बंद असली तर दारापर्यंत लागलेली रांग. भिंतीवरच्या फलकावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या वाच: मुलं सांभाळू, घरचं जेवण मिळेल, कपडे अल्टर करून मिळतील. किराणा सोळाव्या मजल्यावर पोचेपर्यंत किती वेळ लागतो तो घड्याळ लावून बघ. तळघरातल्या लाँड्रीत किती यंत्रं चालू आणि किती बंद, ते मोज. इमारतीच्या सुपरशी, म्हणजे देखभाल करणाऱ्याशी, बोल. हीटिंग, गळती, झुरळं यांचा खरा हिशोब त्याच्याकडे असतो. तिथल्या बायकांशी तर जरूर बोल. उंच इमारतीत लिफ्ट म्हणजे रस्ताच असतो, आणि रस्ता बंद पडला तर वस्ती बंद पडते. 2013 च्या डिसेंबरात टोरांटोत बर्फवादळाने वीज गेली तेव्हा टॉवरांमधल्या लिफ्टबरोबर पाण्याचे पंपही थांबले, हे विसरू नकोस.

लॉबीतल्या त्या चिठ्ठ्यांवरून आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात येईल. माणसांना खाली दुकान हवं आहे, पण कित्येक वर्षं ते बेकायदा होतं. अशा टॉवरांच्या जमिनीवर राहण्याशिवाय दुसरं काही करायला नियमच आडवा येई. 2016 पासून शहराने बऱ्याच ठिकाणी हा नियम सैल केला: छोटं दुकान, दवाखाना, शिकवणी, भाजीचा स्टॉल चालतो. तुझ्या अभ्यासात हे कलम ठळक घाल. आणि एखाद्या शनिवारी थॉर्नक्लिफ पार्क या वस्तीत जाऊन ये. तिथेही सेंट जेम्स टाऊनच्याच काळातले टॉवर, आणि भरपूर दक्षिण आशियाई कुटुंबं. तिथल्या महिला समितीने आर. व्ही. बर्जेस पार्कची उपेक्षित बाग हाती घेतली, बाजार भरवला आणि पालिकेच्या मागे लागून 2013 मध्ये बागेत सार्वजनिक तंदूर बसवून घेतला. त्यासाठी एकही मजला कमी करावा लागला नाही.

आता पाडण्याबद्दल. टोरांटोतल्याच रीजेंट पार्क या सरकारी घरांच्या वस्तीचं पुनर्निर्माण 2005 च्या सुमारास सुरू झालं आणि अजून पूर्ण झालेलं नाही. तिथून हललेल्या मुलांचं बालपण त्यात निघून गेलं. सेंट जेम्स टाऊनमध्येच ऑगस्ट 2018 मध्ये एका टॉवरला विजेच्या बिघाडातून आग लागली आणि सुमारे दीड हजार माणसं एका दिवसात बेघर झाली. परतायला त्यांना 2020 उजाडलं. एक इमारत रिकामी झाली तर काय होतं, ते या शहराने पाहिलं आहे. अशा भाड्याच्या इमारती टोरांटोत हजाराहून जास्त आहेत. त्यांचा काँक्रीटचा सांगाडा भक्कम आहे. दुखणं आहे ते कातडीत: भिंतींना उष्णतारोधक थर नाही, आणि घरातला स्लॅबच बाल्कनीपर्यंत सलग गेल्यामुळे हिवाळ्यात ऊब बाहेर वाहून जाते. त्यावर इलाज आहे. जवळच्या हॅमिल्टन शहरातली केन सोबल टॉवर ही 1967 ची 18 मजली इमारत बाहेरून नवं आवरण चढवून, खिडक्या आणि हवेची व्यवस्था बदलून 2021 मध्ये पॅसिव्ह हाऊसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत भागवण्याच्या, निकषावर आणली गेली. ती जाऊन बघ. ऑफिसला सांगून नेमकी माहिती मागव.

काचेच्या नव्या टॉवरांबद्दलही डोळसच राहा. दिसायला चकचकीत म्हणून ते आपोआप चांगले ठरत नाहीत. टोरांटोत यंग आणि एग्लिंटन या रस्त्यांच्या परिसरात इतके मजले चढले, की जवळच्या शाळेत मुलांना जागा मिळेलच असं नाही, अशा पाट्या शाळा मंडळाला बांधकामांवर लावाव्या लागल्या. मुलांसह राहणाऱ्या कुटुंबांसाठी शहराची मार्गदर्शक तत्त्वं 2020 मध्ये मंजूर झाली: नव्या इमारतीत किमान 25 टक्के घरं दोन किंवा तीन बेडरूमची असावीत, आणि एकूण घरांपैकी 10 टक्के तीन बेडरूमची. बिल्डरचा आराखडा हाती आला की हाच रकाना आधी तपास. बाकी उंचीशिवायही दाटी जमते. माँट्रियालच्या प्लॅटो भागात तीन मजली घरं आणि बाहेरून चढणारे लोखंडी जिने आहेत, आणि चौरस किलोमीटरला तेरा हजारांच्या आसपास माणसं मजेत राहतात.

आता टिपणाचं शेवटचं पान फाड. नव्या पानावर प्रत्येक टॉवरसमोर पाच रकाने आख: चालू लिफ्ट किती, घरं किती, मुलं किती, वीज गेल्यावर पंप चालवायची सोय आहे का, आणि पायथ्यापासून पाच मिनिटांत दूध मिळतं का. हे रकाने तिथल्या भाडेकरूंकडून भरून घे, मगच शिफारस लिही. आणि वरिष्ठांना देण्याआधी एक प्रत मला पाठव.

तुझी,
मावशी