राखणदाराची दुरुस्ती

कार्यालयातले संगणक आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये फायरवॉल राखणीला असते. ती बंद पडली की दुरुस्त करावी का, हा प्रश्न आपण खर्चाच्या हिशोबाने सोडवतो. त्या हिशोबातून काही माणसे निसटतात.

2017 साली इंटेलच्या ॲटम सी2000 चिपमधला दोष उघड झाला. तिचा घड्याळ-संकेत देणारा भाग वापराने झिजे, आणि एके दिवशी यंत्र सुरूच होत नसे. सिस्कोच्या काही फायरवॉलमध्येही ती चिप होती. हौशी कारागिरांनी काही यंत्रांसाठी उपाय काढला: योग्य जागी डाग देऊन एक रेझिस्टर बसवायचा. काही रुपयांत मेलेले यंत्र उठते.

टाकण्यापेक्षा जोडणे बरे, हे खरेच. पण पंखा फिरला की दुरुस्त झाला. फायरवॉलचे दिवे लागले तरी राखण होतेच असे नाही. उत्पादकाने सुरक्षा-अपडेट थांबवले असतील, तर उठलेला राखणदार जुनेच चोर ओळखतो. तो फसला, तर भोगतो तो रुग्ण, ज्याचे तपासणी-अहवाल त्याच्या भरवशावर ठेवले आहेत. त्याला कुणी विचारलेलेच नसते.

अपडेट मिळत असतील, किंवा चालू देखभालीची मुक्त प्रणाली बसत असेल, तर यंत्र जरूर दुरुस्त करावे. एरवी ते शिकण्यासाठी जोडावे; दवाखान्याच्या दारावर बसवू नये. काटकसर हा सद्गुण आहे, पण तिची जोखीम स्वतः उचलली तरच.