सोबत आहे असें समजून

(मननाचा भाग : लूककृत शुभवर्तमान, अध्याय २, वचनें ४१ ते ५२)



ह्या आठवड्यास आम्ही जो भाग निवडिला आहे तो तुम्हां बहुतेकांच्या ओळखीचा आहे. नासरेथ गांवचें एक कुटुंब दरवर्षीं वल्हांडण सणास यरुशलेमास जात असे. मुलगा बारा वर्षांचा झाला त्या वर्षींही तें गेलें. गालीलच्या डोंगरांतून यरुशलेमापर्यंत पायीं जावयाचें म्हणजे कांहीं दिवसांची वाट. म्हणून नातलग व ओळखीचीं माणसें मिळून जात. सण आटोपला, मंडळी परत फिरली, आणि मुलगा मागें राहिला. आईबापांस तें कळलें नाहीं. तो सोबतच्या माणसांत असेल असें समजून त्यांनीं एक दिवसाची वाट चालून काढिली. मग नातलगांत व ओळखीच्यांत शोध केला, तेव्हां तो कोठेंच नव्हता.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. शास्त्र ह्या आईबापांस निष्काळजी म्हणत नाहीं. त्यांचें मुलावर प्रेम नव्हतें असेंही नाहीं. त्यांनीं इतकेंच केलें कीं, तो सोबत आहे असें ते समजून चालले. लेकरापासून एक दिवसाच्या वाटेवर जावयास निष्ठुर व्हावें लागत नाहीं. नुसतें समजून चालणें पुरतें.

आतां आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणा. सालेकशाकडील म्हणा कीं अर्जुनी-मोरगांवाकडील म्हणा. दिवस मावळला आहे. बाप बांधीवरून परत आला आहे, आई चुलीपुढें आहे, आजी ओसरीवर बसली आहे. पंधरा वर्षांचा मुलगा कानांत इअरफोन घालून खाटेवर पडला आहे. तेरा वर्षांची मुलगी तेंच गाणें ऐकावयास मिळावें म्हणून त्याच्याशीं भांडते आहे. कोणीं विचारिलें तर बाप म्हणतो, "पोरें घरींच आहेत, मग काळजी कसली?" हेंच तें समजून चालणें. मुलाचें अंग खाटेवर आहे, परंतु मन एक दिवसाच्या वाटेवर गेलें आहे. तो काय ऐकतो, कां ऐकतो, कोणत्या ओळीपाशीं त्याचे डोळे भरून येतात, हें त्या घरांत कोणासही ठाऊक नाहीं. मग एके दिवशीं परीक्षेचे गुण कमी येतात, किंवा उपदेशक येऊन सांगतात कीं तुमचा मुलगा उपासनेस दिसत नाहीं. बाप उठतो, मोबाईल हिसकावून घेतो व ओरडतो, "बंद कर तें!" मुलगा न बोलतां बाहेर निघून जातो. सबंध आठवड्यांत त्या दोघांचें जें बोलणें झालें तें तेवढेंच.

बंधूंनो, दोष गाण्याचा आहे काय? आपल्यांतील कांहीं वडील माणसें तसें म्हणतात. पवित्र शास्त्र तसें म्हणत नाहीं. उत्पत्तीच्या चवथ्या अध्यायांत एका बापाच्या तीन मुलांची हकीकत आहे. याबाल हा तंबूंत राहून गुरें पाळणारांचा मूळपुरुष झाला. युबाल हा वीणा व पांवा वाजविणारांचा. आणि तुबल-काइन हा तांब्या-लोखंडाचीं हत्यारें घडविणारा. गुरें राखणारा, वाजविणारा व लोहार एकाच घरचे! वाजविणारास तेथें कोणीं रिकामटेकडा म्हटलेलें नाहीं. पुढें शौल राजाचा जीव घाबरा होई तेव्हां वैद्य नव्हे तर वीणा वाजविणारा मेंढपाळाचा पोर बोलाविण्यांत आला, व त्याच्या वाजविण्यानें राजास आराम पडे. मेंढरांमागें हिंडतांना इशायाचा धाकटा मुलगा जें वाजवीत असे, तें त्याच्या घरीं कोणीं कान देऊन ऐकिलें होतें कीं नाहीं हें आपणांस सांगितलेलें नाहीं. परंतु देवानें तें वाया जाऊं दिलें नाहीं.

आणखी एक घर पाहा. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत वडील भाऊ शेतांतून येतो व घराजवळ येतांच त्यास वाजंत्रीचा नाद ऐकूं येतो. तो आंत जात नाहीं. एका चाकरास बोलावून हें काय चाललें आहे असें विचारतो, व रागावून बाहेरच उभा राहतो. आपल्यापैकीं किती आईबाप असे दाराबाहेर उभे आहेत! मुलगा काय ऐकतो हें ते शेजाऱ्यास विचारितात, मास्तरांस विचारितात, उपदेशकांस विचारितात. मुलास मात्र विचारीत नाहींत. चाकराच्या तोंडून ऐकिलेल्या बातमीनें राग वाढतो; आंत गेल्यानें बहुधा तो उतरतो.

शिवाय आपल्या ह्या झाडीपट्टींत गाण्यावांचून कोण वाढला आहे? पावसाळ्यांत चिखलांत वांकून रोवणा करणाऱ्या बाया गात असतात. दिवाळी सरली कीं गांवोगांव मंडई भरते व रात्रभर दंडार चालते. आज पोराच्या गाण्यावर नाक मुरडणारे कितीएक बाप तरुणपणीं दोन कोस चालून दंडार पाहावयास गेले होते व पहांटे दबक्या पावलांनीं घरांत शिरले होते. खोटें वाटत असेल तर ओसरीवर बसलेल्या आजीस विचारावें.

आणि जीं भजनें आज आपणांस जुनीं व पवित्र वाटतात तीं सुद्धां एके काळीं नवींच होतीं. नागपुराहून पूर्वेस जाणाऱ्या ज्या आगगाडीच्या वाटेवर आपलें गोंदिया आहे, त्याच वाटेनें १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक राजनांदगांवास चालले होते. डब्यांतील एका गोऱ्या सहप्रवाशानें त्यांच्याशीं सौजन्यानें बोलणें केलें व त्यांस शास्त्राची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढें त्यांनीं अभंग, ओवी व भजन ह्या मराठी कानांत मुरलेल्या चालींवर स्तुतीचीं पदें रचिलीं, व तीं आज खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत गाइलीं जातात. १९१९ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. ज्या बाईस लग्नानंतर अक्षरओळख झाली तिनें नवऱ्याचें अर्धें राहिलेलें काव्य शेवटास नेलें! एकाच्या गाण्याशीं दुसरा इतका जवळचा झाला म्हणजे घरांत काय घडूं शकतें, ह्याचें हें उदाहरण आहे. आगगाडींतील ती गोष्टही विसरूं नये. तेथें एका माणसानें दुसऱ्याच्या शेजारीं बसून आदरानें बोलणें केलें, आणि त्यांतून पुढचें सर्व निघालें.

आतां मूळ वचनाकडे वळूं. तीन दिवसांनीं मुलगा मंदिरांत सांपडला. तो गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता. आईचें मन किती पोळलें असेल! तरी तिनें प्रथम प्रश्न केला : बाळा, तूं आम्हांशीं असें कां वागलास? तिनें आपलें दुःखही लपविलें नाहीं. आम्ही कष्टी होऊन तुला शोधीत होतों, असें ती म्हणाली. मुलानें उत्तर दिलें. तें उत्तर त्या दोघांस समजलें नाहीं, असें लूक स्पष्ट लिहितो. न समजलेल्या त्या गोष्टी तिनें हंसण्यावारी नेल्या नाहींत, कीं चारचौघांत सांगून मुलास लाजविलें नाहीं. तिनें त्या अंतःकरणांत ठेविल्या. मातांनो, पित्यांनो, तुमच्या मुलाचें गाणें तुम्हांस आवडलेंच पाहिजे असें कोणीं म्हणत नाहीं. तें समजलेंच पाहिजे असेंही नाहीं. परंतु कां म्हणून विचारणें, आपलें दुःख सांगणें, उत्तर ऐकणें, आणि न समजलेलें जपून ठेवणें, एवढें आपल्या हातीं आहे.

ह्याकरितां घराबाहेर पडणेंही उपयोगी आहे. येशूचे आईबाप मुलास घेऊन वाटेस लागले, म्हणूनच ही गोष्ट घडली व आपणांपर्यंत आली. हल्लीं शनिवार-रविवारीं मुलांस फिरावयास जावेंसें वाटतें, आणि कित्येक उपदेशक त्यामुळें खिन्न होतात. आमचें म्हणणें असें कीं, प्रभूच्या दिवशीं उपासना आधीं व्हावी. आणि ती झाल्यावर उपदेशकांनीं दारांत उभे राहून कोण गेला कोण राहिला हें मोजण्याऐवजीं मुलांबरोबर स्वतःच निघावें. आपल्या जिल्ह्यास देवानें काय दिलें नाहीं? नवेगांव बांधाचें विस्तीर्ण तळें आहे. तें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यांनीं बांधविलें असें सांगतात. नागझिऱ्याचें अरण्य १९७० सालीं अभयारण्य झालें, नवेगांवचें १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं हीं दोन्हीं मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. दरेकशाजवळ हाजऱ्याचा धबधबा आहे. बांधाच्या पाळीवर बसून मुलांनीं आपलें एक गाणें म्हणावें व वडिलांनीं आपलें एक म्हणावें. ह्यांत प्रभूचा दिवस मोडतो असें आम्हांस वाटत नाहीं.

मात्र तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, धबधब्यापाशीं पावसाळ्यांत दगड निसरडे असतात व पाण्याची ओढ वरून दिसत नाहीं. फोटोसाठीं कोणीं पाण्याच्या धारेंत उभें राहूं नये. "तो मित्रांबरोबर आहे" असें समजून चालण्याची ती जागा नव्हे. दुसरी, अरण्यांत मोठ्यानें वाद्यें वाजवूं नयेत; तें घर वनचरांचें आहे, आपण तेथें पाहुणे आहों. तिसरी, बहुतेक घरीं सहलीच्या दिवशीं आई पहांटे तीन वाजतां उठून शिदोरी करिते, दिवसभर सर्वांस वाढते, व रात्रीं भांडीं घांसते. असली सहल तिच्या वांट्यास ओझेंच होय. त्या दिवशीं भात बापानें शिजवावा, भांडीं मुलांनीं घांसावीं, आणि आईनें गाणें सांगावें.

तरुणांनो, आतां दोन शब्द तुम्हांस. गोष्टीचा शेवट तुमच्याकरितां आहे. ज्या मुलाचें उत्तर आईबापांस समजलें नाहीं, तो त्यांजबरोबर नासरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. समजून न घेणाऱ्या आईबापांबरोबर घरीं परत जाणें हें लहान काम नाहीं. तें प्रभूनें केलें. तुमचें गाणें तुम्ही ऐका, परंतु दार लावून घेऊं नका. आजीस एक इअरफोन द्या. जें गाणें बहिणीपुढें मोठ्यानें म्हणावयास लाज वाटते, ज्यांत कोणा स्त्रीची किंवा कोणा जातीची हेटाळणी आहे, तें एकांतांतही सोडून द्यावें. आणि कानांची काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, मोठ्यांनीं ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये, व लहान मुलांनीं ७५ डेसिबलपर्यंतचाच. मापण्याचें यंत्र घरीं नसेल तर एक सोपी खूण आहे : हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचें साधें बोलणें ऐकूं येत नसेल, तर आवाज फार झाला. कानाच्या आंतील नाजूक पेशी एकदां मेल्या म्हणजे पुनः उगवत नाहींत. हाक मारणारी आई ऐकूं यावी इतका कान मोकळा ठेवा.

आपल्या जिल्ह्याच्या धानबांध्यांत अजून सारस पक्षी आहेत. महाराष्ट्रांत ते फार थोड्या ठिकाणीं उरले आहेत. नर व मादी जोडीनें राहतात, आणि दोघें माना वर करून एकाच्या सुरांत दुसऱ्यानें सूर मिळवून हांक देतात. पिल्लूं त्या दोघांच्या पाठीं पाठीं चरत असतें. तें सोबत आहे असें समजून तीं उडून जात नाहींत. पिल्लाच्या चालीनें चालतात.

तर ह्या आठवड्यांत प्रत्येक घरीं एक संध्याकाळ अशी काढा. दिवा लागल्यावर, प्रार्थनेच्या आधीं, बापानें मुलाच्या खाटेवर जाऊन बसावें व म्हणावें, "काय ऐकतोस? मलाही ऐकव." गाणें संपेपर्यंत कांहीं बोलूं नये. मग आपल्या लहानपणचें एक गाणें त्यास म्हणून दाखवावें. त्यानंतर सर्वांनीं मिळून प्रार्थना करावी. ती प्रार्थना एकत्र चाललेल्या माणसांची होईल; आणि उद्यां वाट कितीही लांबली तरी कोण सोबत आहे हें समजून चालण्याची पाळी कोणावर येणार नाहीं. त्यास तें ठाऊक असेल.

प्रभु तुमच्या घरांस शांति देवो व तुमच्या लेकरांच्या गळ्यांतील सूर राखो. आमेन.